हवापालट

रस्त्याच्या कडेला अपघात झालेला असला तर लोक वेग वाढवून निघून जातात. पण नुसतं बॉनेट वर असेल आणि आतून वाफ निघत असेल, तर अख्खा महाराष्ट्र थांबतो. माणसं कुठून येतात कळत नाही. ओसाड माळ असो की भर दुपार, जरा वेळात दोघेजण कमरेवर हात ठेवून इंजिनात डोकावत असतात आणि आणखी जरा वेळाने त्या दोघांचं आपापसात भांडण लागलेलं असतं. गाडीवाल्याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्याने बाजूला उभं राहून पाण्याची बाटली धरायची.

या विषयावर अधिकारवाणीने बोलायचं तर खंबाटकी घाट चढलेला असावा लागतो. साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांसाठी तिथे बोगदा आहे. पुण्याहून जाणाऱ्याने घाट चढायचा, अशी जुनी वाटणी. मे महिन्यातल्या शनिवारी सगळं पुणे महाबळेश्वरची थंड हवा खायला निघतं आणि ती खाण्याआधी पहिल्या गिअरमध्ये, एकमेकांच्या बंपरला नाक लावून, या घाटात भाजून निघतं. नव्याकोऱ्या गाड्यासुद्धा तिथे कठड्याशी उभ्या राहून वाफ सोडतात. आमची तर प्रीमियर पद्मिनी.

ही पद्मिनी कागदोपत्री माझी, पण खरी मालकी सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या निवृत्त झाल्या. अण्णांच्या पद्मिनीला मात्र निवृत्ती हा शब्द ऐकवायची कुणाची छाती नाही. गुडघ्यांमुळे क्लच दाबणं जमेना तेव्हा अण्णांनी मला साताऱ्याला बोलावून घेतलं, किल्ली हातात ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, गाडी तुमची. फक्त एक करा."

"काय अण्णा?"

"काही करू नका."

मी कुठल्याही कामात काही न करण्याबद्दलच घरात प्रसिद्ध असल्यामुळे ही अट मला सोपी वाटली. पण गाडी तापायला लागली. सपाट रस्त्यावर ठीक चालायची. चढ आला, गर्दी आली, की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा. मग बॉनेट उघडायचं. मग महाराष्ट्र जमायचा.

"पाणी टाकलंत का?" पहिल्याने विचारलं.

"टाकलं."

"चुकलंत. तापलेल्या इंजिनात गार पाणी टाकलं की हेडला तडा जातो."

दुसरा म्हणाला, "टाकलं नसतं तर गॅस्केट गेलं असतं."

दोघांचंही बरोबर होतं. इंजिन निवू द्यायचं आणि मग पाणी टाकायचं, एवढाच त्यावर तोडगा. पण निवू द्यायला थांबावं लागतं, आणि घाटात थांबायला वेळ कुणाला असतो? सल्ला द्यायला असतो, ती गोष्ट वेगळी.

तिसरा म्हणाला, "गाडीतला हीटर फुल्ल लावा. इंजिनातली उष्णता आत येते." मे महिना, दुपारची वेळ. मी म्हणालो, "या गाडीला हीटर नाही." त्याने आत हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "खरंय, गरज नाही."

एक टेम्पोवाला खास आपला टेम्पो उभा करून आला. त्याच्याकडे डबा होता. "रेडिएटर गळत असेल तर मूठभर हळद टाका. भोक बुजतं. लांबच्या गाडीवाल्यांना विचारा."

"पण आमचा गळत नाही."

"मग पुढेही गळणार नाही," असं म्हणून त्याने टाकली. अस्सल सांगलीची होती, हेही सांगितलं.

दरम्यान चौथा एकजण रेडिएटरच्या झाकणाभोवती नॅपकिन गुंडाळत होता आणि गुंडाळता गुंडाळता सगळ्यांना बजावत होता की गरम झाकण कधीही उघडायचं नसतं. ते झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून बाहेर येतं. हे त्याने फार सोपं करून समजावलं आणि उघडलं. तो लांब उडी मारून वाचला. हळदीचं पाणी माझ्या पांढऱ्या शर्टावर आलं. बायको म्हणाली, "अहो, लग्नातला फोटो काढून घेऊया का?"

साताऱ्याला पोहोचलो तेव्हा मेहुणा ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्याला गाड्यांतलं सगळं कळतं. त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि थंडपणे निकाल दिला, "दाजी, तुमचा फॅनच चुकीच्या जमान्यातला आहे."

त्या दिवसापर्यंत गाडीत पंखा असतो हे मला ठाऊक होतं, त्याला जमाना असतो हे ठाऊक नव्हतं. जुन्या गाड्यांत तो इंजिनाच्या पुढे, वॉटर पंपाच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि रबरी पट्ट्याने इंजिनच त्याला फिरवतं. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन सावकाश तर पंखा सावकाश. ऐकायला न्याय्य वाटतं. पण गाडी महामार्गावर ६०-७० ने जात असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर गार करतो, पंख्याची गरज नसते. तेव्हा हा जिवाच्या आकांताने फिरतो. आणि घाटात गाड्या अडकल्या, वारा पडला, खरी गरज आली, की इंजिनाबरोबर हाही पेंगतो. लग्नघरातला एक काका असाच असतो: पंगती उठल्यावर वाढायला येतो आणि घामाघूम होऊन दाखवतो.

"शिवाय तो इंजिनाची ताकद खातो," मेहुणा म्हणाला. "पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला आठपट ताकद लागते. फिजिक्स आहे."

हे खरं आहे, पंख्यांचा नियमच तसा आहे. आमची पद्मिनी वेग दुप्पट कधी करते, एवढाच प्रश्न होता. पण फिजिक्स म्हटल्यावर मी नेहमीच मान डोलावतो. बारावीतही त्यावरच निभावलं.

"इलेक्ट्रिक फॅन टाकू. गरम झालं की लागतो, गार झालं की बंद. इंजिनाशी संबंध नाही."

"अण्णा?"

"अण्णांना सांगायचंच कशाला? बॉनेटच्या आत काय आहे ते त्यांना थोडंच दिसतंय?"

अण्णा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत होते. पेपरचं पान उलटलं गेलं. बस्स, तेवढंच.

पुण्याला परतल्यावर मोहीम सुरू झाली. पहिल्यांदा मेहुण्याने एका मोठ्या डिझेल गाडीचा पंखा पैदा केला. त्याच्या मधोमध एक डबा असतो, त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल आणि पुढे दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी सुटते, आतली झडप उघडते, तेल पुढे सरकतं आणि पंखा घट्ट धरला जातो. हवा गार असली की पंखा नुसता सैलसर गरगरत राहतो. ना वायर, ना बटण. मी तर त्याच्या प्रेमातच पडलो. एवढी समजूतदार वस्तू आमच्या घरात कधी आलीच नव्हती. फक्त ती आमच्या रेडिएटरपेक्षा मोठी निघाली. मिस्त्री म्हणाले, "बसंल की. पुढचा पत्रा कापावा लागंल." पत्रा कापल्यावर अण्णांना दिसणार होतं. ती अजून माझ्या बाल्कनीत आहे आणि बायको तिच्यावर पापड वाळवते.

मग नाना पेठ. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असला की नाना पेठेत जायचं आणि अपमान हवा असला तरी तिथेच जायचं.

"इलेक्ट्रिक फॅन पाहिजे," मी म्हणालो.

"ओढणारा की ढकलणारा?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने मोबाइलकडे पाहिलं. दुकानदाराने छताकडे पाहिलं. रेडिएटरच्या मागे बसवला तर हवा ओढणारा लागतो, पुढे बसवला तर ढकलणारा. पाती त्यानुसार वळलेली असतात. एवढं सांगून तो म्हणाला, "साइज काय?" मेहुण्याने दोन्ही हात हवेत धरून दाखवले. दुकानदार म्हणाला, "तसेच धरून घरी जा. मोजून या."

शेवटी त्यानेच उपाय सांगितला: मारुती ८०० चा पंखा घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये ती गाडी आली तेव्हा तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं. इंजिनाचा पट्टा बाजूला, रेडिएटर समोर. पट्ट्याने पंखा फिरवायची सोयच उरली नाही, म्हणून तिला विजेचा पंखा द्यावा लागला. तेव्हापासून जुन्या गाड्या तापल्या की लोक तिचाच पंखा उचलून आणतात. नवा महाग वाटला म्हणून आम्ही रविवारी जुन्या बाजारात गेलो. तिथल्या माणसाने पंखा हातात फिरवून दाखवला आणि म्हणाला, "साहेब, एका डॉक्टरांच्या गाडीचा आहे. एकच हात लागलेला." पंख्याला हात लावायला डॉक्टर बॉनेटमध्ये कशाला शिरले असतील, हा प्रश्न मी गिळला. जुन्या बाजारात प्रत्येक वस्तू डॉक्टरांचीच असते.

आता बसवायचं काम. इथे कळलं की गाडीदुरुस्तीतही खाती असतात. मिस्त्री म्हणाले, "पंखा मी बसवतो, करंटचं वायरमन बघंल." वायरमन म्हणाला, "करंट देतो, पण रेडिएटरमध्ये सेन्सर बसवायचं मिस्त्रींचं काम." मिस्त्री म्हणाले, "सेन्सर म्हणजे वायर आली, वायर म्हणजे तो." सेन्सर आठवडाभर फाइलसारखा इकडून तिकडे फिरला आणि अखेर चहाच्या टपरीवर सापडला. वायरमनने त्यावर सोपा मार्ग सुचवला: "सेन्सर-बिन्सर कशाला? डायरेक्ट करून टाकतो." गाडीच्या वायरिंगमध्ये 'डायरेक्ट' हे शेवटचं सत्य आहे. मेहुण्याने 'रिले पाहिजे, फ्यूज पाहिजे' असा आग्रह धरला म्हणून ते दोन्ही बसले आणि टपरीवरचा सेन्सरही बसला.

मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने जुना पंखा उतरवला आणि त्याच्याबरोबर पट्टाही काढून नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. "पंखाच नाही तर पट्टा कशाला?" त्याच्या युक्तिवादात मला काही खोट दिसली नाही. तोच पट्टा वॉटर पंप आणि डायनॅमोही फिरवतो, हे पहिल्या सिग्नलपर्यंत पोहोचायच्या आत गाडीने स्वतःच सांगितलं. आधी चार्जिंगचा लाल दिवा लागला, मग काटा असा चढला की आजवर तापत होती ते तापणंच नव्हे. बॉनेट उघडलं. महाराष्ट्र जमला. एकजण म्हणाला, "पट्टा कुठाय?" मी खिशातून काढून दाखवला.

पट्टा लागला. पंखा फिरला. आवाज झोकदार येत होता, पण गाडी चालू लागली की काटा वर आणि उभी राहिली की खाली. मेहुणा म्हणाला, "इंटरेस्टिंग." इंजिनीअर माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की आपण पाकीट चाचपावं. मिस्त्रींनी खिशातून माझं बिल काढलं आणि रेडिएटरच्या जाळीवर पुढून धरलं. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद जाळीला चिकटतो. बिल उडालं आणि रस्त्यापलीकडे गेलं. वायरमनने प्लस-मायनस उलटं जोडलं होतं. पंखा उलटा फिरून वारा पुढे ढकलत होता, गाडी वारा मागे ढकलत होती आणि दोघांच्या मध्ये रेडिएटर उपाशी मरत होता. वायरी बदलल्यावर कागद चिकटला. पहिलं बिल सापडलं नाही म्हणून मिस्त्रींनी दुसरं केलं. ते मोठं होतं.

आता वाटलं, सुटलो. पण आमच्या गाडीला अजून डायनॅमो आहे, अल्टरनेटर नाही. इंजिन सावकाश चालत असताना डायनॅमो जवळपास काहीच वीज देत नाही, आणि हा पंखा दहा अँपिअरच्या घरात खातो. हेडलाइटची जोडीही तेवढीच. याचा व्यवहारात अर्थ असा की हेडलाइट, वायपर आणि पंखा या तिघांपैकी कुणीतरी एकाने उपाशी राहायचं. संध्याकाळी पावसात कात्रजला अडकलो की संसारात कधी घेतले नाहीत इतके निर्णय आम्ही घ्यायचो.

"वायपर बंद करा, काटा चढतोय."

"मग दिसणार कसं?"

"पुढे ट्रकच आहे. तो आपण आधी पाहिलाय."

मेहुण्याने खबरदारी म्हणून डॅशबोर्डवर पंख्याचं एक बटणही दिलं होतं. ते बायकोकडे आलं. ती काट्यावर नजर ठेवून बसायची. खिडकीबाहेर नीरा गेली, तिला काही दिसलं नाही. घरातला पंखा ताशी किती खातो म्हणून मी आयुष्यभर तिच्या मागे लागलो होतो, त्याचा तिने इथे हिशेब चुकता केला. "लावू? परवडेल का?"

अशा थाटात आम्ही साताऱ्याला गेलो. पहाटे निघालो, घाट मोकळा होता, काटा शहाण्यासारखा वागला. अण्णांच्या फाटकात गाडी उभी केली, किल्ली काढली, खाली उतरलो. अण्णा काठी टेकत पुढे आले. मी वाकून नमस्कार केला. आणि त्या शांततेत बॉनेटमधून 'घुर्रर्र' असा आवाज सुरू झाला.

हे असं होणारच होतं. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं आणि आतल्या उष्णतेने ते आणखी थोडा वेळ तापत राहतं. मग सेन्सर जागा होतो. पंखा थेट बॅटरीवर जोडलेला असला तर किल्लीला तो विचारत नाही.

अण्णांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे.

"गाडी बंद केलीत ना, जावईबापू?"

"हो."

"मग आत कोण आहे?"

मेहुणा परसात काहीतरी आठवल्यासारखं निघून गेला. अण्णांनी बॉनेट उघडायला लावलं, चष्मा वर करून पाहिलं आणि फार वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मारुतीचाय." एवढं शब्दबद्ध दुःख मी मराठी रंगभूमीवरही पाहिलेलं नाही. रात्री सेन्सर अडकला की काय झालं देव जाणे, पण सकाळी बॅटरी मेलेली होती आणि गाडीचं नाक बर्फासारखं गार.

अण्णांनी स्वतःचा माणूस बोलावला. बाजारपेठेच्या मागे रेडिएटर झाळणारा एक म्हातारा. तो आला, त्याने पंख्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झाकण उघडून बोट आत घातलं, बाहेर काढलं आणि बोट अण्णांना दाखवलं. पिवळट पांढरं होतं.

"बोअरचं पाणी टाकताय जणू?"

"बोअरचंच," अण्णा म्हणाले.

"आणि हळद कुणी टाकली?"

मी आकाशाकडे पाहिलं. नळ्यांत चुन्याचा थर बसला होता आणि त्यावर सांगलीने गिलावा केला होता. निम्म्या नळ्यांतून पाणीच जात नव्हतं. म्हाताऱ्याने रेडिएटर उतरवला, वरची टाकी झाळ सोडवून वेगळी केली, प्रत्येक नळीत सळई फिरवली, पुन्हा झाळलं. झाकणाची स्प्रिंग ढिली होती, म्हणून झाकण नवं. बोअरऐवजी कुलंट भरायला सांगितलं. सगळ्याचा खर्च मिस्त्रींच्या दुसऱ्या बिलाच्या जवळपासही गेला नाही.

त्यानंतर गाडी तापली नाही. घाटात नाही, कात्रजला नाही. मी सगळ्यांना सांगितलं की दोष रेडिएटरमध्ये होता. कुणीही मान्य केलं नाही. मेहुणा म्हणतो, इलेक्ट्रिक फॅनमुळेच, रेडिएटर निमित्त. मिस्त्री म्हणतात, आम्ही पट्टा नवा घट्ट केला त्याचा गुण. वायरमन म्हणतो, डायरेक्ट केलं असतं तर याहून गार राहिली असती. घाटातला तो टेम्पोवाला पुन्हा भेटला नाही, नाहीतर तो हळदीचं नाव काढल्याशिवाय राहिला नसता. जुना पंखा परत बसवून एकदा पाहूया, असं मी सुचवलं. त्यावर सगळे एकमताने म्हणाले, चालत्या गाडीला हात कशाला लावायचा? अण्णा तर हे गाडी देतानाच म्हणाले होते, पण त्यांनी ते पुन्हा म्हटलं नाही. नुसतं पेपरचं पान उलटलं.

तर वाचकहो, एक जुना लोखंडी पंखा, पद्मिनीचा, पात्याला पात्याची भेट न झालेला, अगदी सुस्थितीत माझ्या माळ्यावर आहे. ज्याची गाडी तापत असेल त्याने फुकट न्यावा. अट एकच: येताना रेडिएटर साफ करून यावं. तसं केलंत तर पंखा न्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही, हे मला कळतं. म्हणून त्याच्याबरोबर डिझेल गाडीचा तो मोठा पंखाही देईन. पापड वाळवायला उत्तम आहे.